गुरुजींनी जुळवलेला कॅम

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी गुरुजी चपला काढून बाजूला ठेवत. त्यांचं घराणं रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारं. यांनी मात्र तरुणपणीच सातपूरला पत्र्याची शेड घेतली आणि टर्बो गाड्यांची इंजिनं जोरकस करून द्यायचा उद्योग मांडला. घराण्याचं नाव बुडवलं म्हणून भाऊबंद चिडले, तर हे म्हणाले, "यजमान तेच आहेत रे, फक्त तेलकट झालेत."

कॅमशाफ्ट बदलायला आलेल्या माणसाची ते अशी उलटतपासणी घेत, जणू त्याला मुलगीच द्यायची आहे. टर्बो केवढा, गाडी रोज कुठं धावते, घरात आणखी कोण चालवतं. कॅमशाफ्ट, म्हणजेच कॅम, हा इंजिनाच्या झडपा किती आणि किती वेळ उघडायच्या हे ठरवणारा दांडा. कॅटलॉगमध्ये ज्याचे आकडे सगळ्यात मोठे, तोच मला हवा होता. माझा रोजचा प्रवास गंगापूर रोड ते अंबड, तोही बहुतेक दुसऱ्या गियरमध्ये. "स्थळ मोठं आहे, पण पत्रिका जुळत नाही," गुरुजी म्हणाले.

मग मी इंटरनेटवर वाचलेलं सगळं ज्ञान त्यांना ऐकवलं. ते मध्येच हसत सुटले. "अरे, या कॅमनं आतली आणि बाहेरची झडप बराच वेळ एकदम उघडी राहते. टर्बो बिचारा दम लावून हवा आत ढकलणार, आणि ती मागच्या दारानं पसार! पाहुणा पुढून आला न् मागून गेला, तर चहा पाजायचा कुणाला?" त्यांनी एक बेताचा कॅम काढला, लवकर जागा होणारा, म्हणजे कमी वेगातही जोर देणारा. मला तो फारच सभ्य वाटला. पण गुरुजींपुढे माझं काही चालत नसे. घरीही चालत नाही, त्यामुळे सवय होती.

गुरुजींचे गुडघे गेले होते. शेड बंद करून ते मुलीकडे बंगळुरूला कायमचे निघाले होते, आणि माझी गाडी हे त्यांचं शेवटचं काम. त्याच सुमारास सुरगाण्याकडे गाडीवाल्यांच्या क्लबची घाटचढाईची स्पर्धा होती, परवानगीनं बंद केलेल्या रस्त्यावर, एकेक गाडी सोडून घड्याळावर वेळ मोजायची. "रविवारीसुद्धा शेड सोडली नाही कधी. माझ्या हातची गाडी सगळ्यांच्या पुढे पळालेली एकदा डोळ्यांनी बघून जाऊ दे," ते म्हणाले. आणि ही जबाबदारी साऱ्या नाशकातून त्यांनी माझ्यावर टाकली.

मी शेवटून दुसरा आलो. जो शेवटचा आला त्याचं चाक पंक्चर होतं. गाडी प्रत्येक वळणाला ओढायला तयार होती, आणि मी प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होतो. गुरुजी म्हणाले, "कॅम बरोबर निवडला रे. ड्रायव्हर निवडायचं राहून गेलं." सगळे हसले, मीही हसलो. पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

बक्षिसं वाटून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे." आयोजकांनी रस्ता आणखी थोडा वेळ बंद ठेवला. गुडघा हातानं उचलून गुरुजी आत बसले. मी शेजारी, पट्टा आवळून, आठवतील तेवढ्या देवांना हाका मारत. आपल्या गाडीला असंही पळता येतं हे मला तेव्हा कळलं. माथ्यावर पोचलो तरी त्यांचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. डोळे भरून आले होते. "बघितली रे एकदाची," ते म्हणाले.

घड्याळ कुणीच लावलं नव्हतं. म्हणूनच मी छातीठोकपणे सांगतो, त्या दिवशी पहिले गुरुजीच आले.