अडतीस जणांचे कान

घरात तिला ससुली म्हणत, कारण ती जन्माची भित्री. दाराची कडी वाजली तरी दचकायची. पुढे ती कानांची डॉक्टर झाली, तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "आम्ही तुझं नाव कान बघूनच ठेवलं होतं बहुतेक!"

मोठ्या हॉस्पिटलात नऊ वर्षं काढल्यावर तिने स्वतःचा दवाखाना थाटला, तोही ताईने मागे लागून. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढच्या खोलीत टेबल टाकून ताई नावं लिहायला बसली, पण लिहायला नावंच नव्हती. जिन्यावर पाऊल वाजलं की डॉक्टरबाई दाराकडे बघत उभी राहायची. कुणी आलं तर काय बोलू, आणि कुणी आलंच नाही तर काय करू, दोन्हीची भीती सारखीच.

तीन महिने असे गेल्यावर ताई म्हणाली, "लोकांनी तुझ्याकडे यावं असं वाटतं ना? मग आधी तूच त्यांच्याकडे जा. फुकट तपासणी. तुझं नाव या कानाचं त्या कानाला कळलं पाहिजे."

मग सुट्टीच्या दिवशी तपासणीची पेटी घेऊन ती निघायची. वाचनालयात गेली, बस डेपोत गेली, वृद्धाश्रमातल्या आजोबांच्या कानातला वर्षानुवर्षांचा मळ काढला. लोक "बरं वाटलं हो" म्हणत आणि आपापल्या वाटेने जात. तरी हळूहळू आठवड्याला चार-पाच जण जिना चढू लागले.

अशात पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकांनी बोलावलं. "माझी अडतीस माणसं तपासून द्या. फाटकावर तुमच्या नावाची पाटी लावतो. या पट्ट्यातले सगळे कारखानदार माझं ऐकतात." ताईला तर आभाळ ठेंगणं झालं.

आवाजात राहिलेल्या कानांना आधी विश्रांती लागते. म्हणून तिने सकाळी, यंत्रं सुरू व्हायच्या आधीची वेळ मागितली. गोदामात गाद्या उभ्या करून एक शांत कोपरा केला. समोरच्याच्या कानांवर हेडफोन लावायचा, पेटीतून कधी जाड, कधी बारीक असा हळू आवाज सोडायचा आणि त्याला ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. साधं काम.

पहिल्याच दिवशी पाचव्या माणसापाशी ती अडली. जाड आवाजाला बोटं पटापट वर येत, पण एका ठरावीक बारीक आवाजाला कुणाचंच बोट हलत नव्हतं. तिला वाटलं, पेटी बिघडली. तिने स्वतःच्या कानाला लावून पाहिलं, तर आवाज स्वच्छ येत होता. मग भोंगा झाला आणि पलीकडे पत्रा ठोकणाऱ्या प्रेस सुरू झाल्या. दणका कानात शिरण्याआधी तळपायांतून वर आला. तिने दोन्ही कान झाकून घेतले. आसपासची माणसं मात्र बोलल्यासारखे ओठ हलवत शांतपणे कामाला लागली होती.

तिसऱ्या दिवसापर्यंत चौतीस जण झाले. त्यांतल्या सव्वीस जणांचे कान कमी-अधिक गेलेले होते, आणि त्यांतला एक अवघ्या बावीस वर्षांचा.

मालकांनी ऑफिसात बसवून चहा मागवला. "उद्या संपवा आणि एक कागद द्या. सगळ्यांचे कान उत्तम, एवढंच. तपासणीला सरकारी अधिकारी येतात, दाखवायला बरं पडतं."

"सगळ्यांचे उत्तम नाहीत," ती कशीबशी म्हणाली.

"वयामुळे थोडं होतंच." ते हसले. "तुम्ही फुकट करताय ना? मग एवढ्या खोलात कशाला शिरता? बाकी, तुमचा दवाखाना घड्याळवाल्याच्या वर ना? तिथले घरमालक माझे साडू. फार भला माणूस."

त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. म्हणूनच तिच्या तोंडचं पाणी पळालं. चहा तसाच ठेवून ती उठली.

तिला वाटलं होतं, ताई पदर खोचून उभी राहील. ताईने सगळं ऐकलं, पेनाचं टोपण काढलं, लावलं, आणि हळूच म्हणाली, "लिहून टाक ना. दोन ओळी तर आहेत." आयुष्यभर जी कुणाला घाबरली नाही, तीच घाबरलेली पाहून डॉक्टरबाईला पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं.

चौथ्या सकाळी ती कारखान्यात गेली, तेव्हा काय लिहायचं हे तिचं ठरलेलं नव्हतं. शेवटच्या नंबरावर प्रेसवरच्या मावशी होत्या. एकोणीस वर्षं त्याच यंत्रावर. हेडफोन काढून त्या म्हणाल्या, "बाई, एक विचारू? माझी नात हल्ली फार पुटपुटते. शब्दच कळत नाहीत. तिच्या घशाला काही झालं असेल का? मी तिच्यावर सारखी ओरडते."

डॉक्टरबाईने हातातल्या आलेखाकडे पाहिलं. स, श, त यांसारखी अक्षरं आणि पोरांचे बारीक आवाज मावशींच्या कानांतून आधीच निसटले होते.

"मावशी, घसा ठीक आहे तिचा. तुम्हाला ऐकू कमी येतंय. या आवाजाने."

"म्हणजे पोरगी नीट बोलते?"

"नीट बोलते."

मावशींनी तोंडाला पदर लावला. तेव्हा मात्र डॉक्टरबाईने ज्याचा-त्याचा कागद ज्याच्या-त्याच्या हातात द्यायला सुरुवात केली. प्रत्येकाला तेच सांगितलं: गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचवा, कान झाका. मग जीव मुठीत धरून ती ऑफिसात गेली आणि खरा आकडा लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. मालकांनी तो वाचला, घडी घातली आणि दाराकडे बोट केलं.

पहिल्याच दिवशी फाटकावर लागलेली पाटी दुपारपर्यंत उतरली. आठवडा संपायच्या आत घरमालकाचं पत्र आलं: तीन महिन्यांत जागा सोडा. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. ताईने दाराला आणखी एक कडी बसवून घेतली. डॉक्टरबाईला जेवण जाईना. रस्त्यात मागे कुणी चाललं की ती समोरच्या दुकानात शिरायची आणि नको असलेली वस्तू घेऊन बाहेर पडायची.

सतराव्या दिवशी जिन्यावर पुष्कळ पावलं वाजली. ताईने दाराच्या फटीतून पाहिलं आणि घाईने दार उघडलं. मावशी होत्या, कारखान्यातले सहा जण होते, आणि शेजारच्या काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातल्या, कधी न पाहिलेल्या चार बायका.

"आमच्याकडे यंत्रं यांच्यापेक्षा मोठी आहेत," त्यांतली एक म्हणाली. "आम्हालाही खरं सांगाल का?"

पुढे मालकांनी कान झाकायची साधनं आणली, अधिकाऱ्यांच्या धाकाने की कामगारांच्या, कोण जाणे. डॉक्टरबाई दिसली की ते आजही रस्ता बदलतात. जागा सोडावी लागलीच. नवा दवाखाना एका गल्लीत आत आहे, शोधावा लागतो, तरी लोक विचारत विचारत पोचतात. मावशींना ऐकू येण्याचं यंत्र मिळालं. प्रेस बंद असली की त्या ते लावतात.

भीती काही गेली नाही. बाटल्यांच्या कारखान्यात पहिल्या सकाळी जाताना बसमध्ये डॉक्टरबाई दोनदा उतरायला उठली आणि परत बसली. ताई शेजारी बसली होती. पुढच्या सीटची दांडी तिने घट्ट धरली होती.

"उतरायचं का? परत जाऊ." ताईने विचारलं.

"पुढच्या थांब्यावर," डॉक्टरबाई म्हणाली, "कारखाना तिथेच आहे."