निरांजनापाशी बसलेली गौरा

मोड आलेले वाल निम्मे सोलून झाले होते. तेवढ्यात मागच्या दारातून गौरा आली. हातात धुतलेल्या तांदळाचं पातेलं.

"काकू, तुमच्या चुलीवर ठेवता का?"

मी उठून पातेलं घेतलं. ती पडवीत चुलीकडे पाठ करून बसली आणि उरलेले वाल तिनेच सोलायला घेतले. हे असं रोज चालायचं. निवडणं, चिरणं, वाटणं सगळं ती करायची, फक्त जाळापाशी यायची नाही.

आम्ही तेव्हा कर्जतला दहिवलीत राहत होतो. यांची नोकरी रेल्वेत. आमच्या आणि मोतीबाईच्या घरामध्ये एक कुडाची भिंत होती, त्यामुळे तिकडची फोडणी इकडे कळायची आणि इकडची आरती तिकडे. आता दोन्ही घरं सिमेंटची झाली, आणि शेजारी काय शिजतंय ते विचारावं लागतं. गौरा ही मोतीबाईची सून, माहेर कळंबचं. नवरा सदू खोपोलीला कारखान्यात जायचा. माणूस गरीब, आईपुढे तोंड उघडायचा नाही.

गौरा पहिल्यापासून अशी नव्हती. दिवाळीनंतर डोंगरातलं गवत कापून वखारीत यायचं, दाबून त्याचे गठ्ठे बांधायचे आणि ते मालगाडीने मुंबईच्या तबेल्यांना जायचे. त्या वखारीत गौरा आणि तिची मैत्रीण आवडी कामाला जायच्या. दोघींचं हसणं रस्त्याच्या वळणावरून ऐकू यायचं. एका फाल्गुनात भरदुपारी वखार पेटली. गौरा बाहेर आली, आवडी आतच राहिली. गौराच्या अंगावर एक फोडसुद्धा नव्हता. म्हणून सगळे म्हणाले, देवाने वाचवली, सुटली.

पण ती सुटली नव्हती. कुणी काडी ओढली तरी दचकायची. वाळल्या गवताचा वास आला की हातातलं टाकून विहिरीपाशी जाऊन उभी राहायची, आणि तिथे कशी आली ते तिला सांगता यायचं नाही. मोतीबाईने भगत केला. आवडी हिच्या अंगात शिरली, असं तो म्हणाला. कोंबडं झालं, लिंबं झाली, गौराचे उपास झाले.

मग आमच्या गणपतीत तो प्रकार झाला. आरती झाली आणि ताट बायकांमध्ये फिरत गौरापुढे आलं. कापूर चांगला पेटला होता. ती मागे मागे सरकत भिंतीला टेकली, आणि तरी कुणीतरी ताट पुढे केलं, तेव्हा तिने हाताने उडवलं. निरांजन पडलं. आरती नाकारणं म्हणजे आमच्या बायकांच्या लेखी एकच गोष्ट. आत बसलेल्याला देव सोसत नाही.

"आता तरी पटलं ना?" मोतीबाई सगळ्यांकडे बघत म्हणाली. "दिवाळीच्या पयल्या आंघोळीचं पानी हिनं तापवलं नाय, तर भाऊबीजेला कळंबला जाईल ती कायमची. माझ्या सदूला दुसरी मिळंल."

सदू दारात उभा होता.

मला त्या रात्री जप करता आला नाही. गौरा चातुर्मासात माझ्याबरोबर पोथी ऐकायला बसायची, डोळे मिटून, मन लावून. देव सोसत नाही तर ती बसली असती कशी? दुसऱ्या दिवशी मी तिला स्टेशनाजवळच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते तरुणपणी लढाईवर होते. तिला दोन-चार प्रश्न विचारून म्हणाले, "परत आलेल्या शिपायांचं असं व्हायचं. भूतही नाही, वेडही नाही. पुण्याला एक डॉक्टरीणबाई आहेत. त्या बोलून बरं करतात."

मोतीबाई हे ऐकून पदर तोंडाला लावून हसली. "बोलायला पुण्याला? हितं काय तोंडं कमी हायेत?"

"तुझ्या एकटीचंच पुरतं गं," मी म्हटलं, "पण ते ऐकणारं नाही."

सदूने मात्र संध्याकाळी कुडापलीकडून हळूच विचारलं, "काकू, तुमी जाल का तिच्यासंगं? आयेला मी बघतो." एवढं धाडस त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केलं असेल.

घाट चढून आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या जावेच्या वयाच्या. पहिल्या खेपेला त्यांनी आगीचं नावही काढलं नाही. तुला काय चांगलं करता येतं, एवढंच विचारलं. गौरा म्हणाली, बिरडं. त्यांना ठाऊक नव्हतं. मग वाल कधी भिजवायचे, मोड कसे काढायचे, गूळ किती, नारळ किती, सगळं सांगताना ही बाई पूर्वीसारखी हात नाचवू लागली. मी बघतच राहिले.

पुढच्या खेपेला तिने स्वतःच सांगितलं. माझा हात घट्ट धरून होती. आवडी वर गवताच्या गंजीवर चढली होती, खाली शिडी गौराने धरली होती. धूर आला तशी वरून आवडी म्हणाली, शिडी धर गं. गौरा पळाली.

"मी शिडी सोडली, बाई. ती अजून म्हनते, धर गं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जाळ अंगावर आला की पाय आधी पळतात, मन मागून येतं. तुझं मन अजून त्या शिडीपाशी उभं आहे. त्याला हळूहळू घरी आणू." आणि विचारलं, "तुमच्या आळीत सगळ्यांत लहान जाळ कुठला?"

गौराने माझ्याकडे पाहिलं. "काकूंच्या देवापुढचं निरांजन."

"मग रोज त्याच्यापाशी बसायचं. आधी दारात. भीती वाढली तरी उठायचं नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं. उतरली की दुसऱ्या दिवशी थोडं पुढे."

घरी आल्यावर मोतीबाईने विचारलं, औषध काय दिलं? मी म्हटलं, तुपाची वात. तिला वाटलं मी चेष्टा करते.

माझी पूजा त्या दिवसांत लांबायची. गौरा पडवीच्या दारात बसायची, घामाने भिजायची, पोलकं पाठीला चिकटायचं. मी मोठ्याने स्तोत्र म्हणत राहायचे, म्हणजे तिला धरायला काहीतरी राहील. मग उंबऱ्याच्या आत आली. मग पाटापाशी. एकदा उठून पळालीही, आणि आठवडाभर आलीच नाही. तेव्हा मी फार निराश झाले. पण परत आली, पुन्हा दारापासून सुरुवात केली. दसरा उलटला आणि एका सकाळी तिनेच काडी ओढून वात लावली. काडी इतकी लांब धरली होती की मला हसू आलं, आणि मग तिलाही. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

चूल मात्र राहिली होती. निरांजन वेगळं आणि चुलीतला भडका वेगळा. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, पहाटे येऊ का मदतीला? नको म्हणाली.

नरकचतुर्दशीला उठले तर शेजारच्या कौलांतून धूर निघत होता. राहवेना, म्हणून मागच्या दाराने गेले. चुलीवर हंडा होता. गौरा ओला पदर खांद्यावर घेऊन समोर बसली होती, आणि लाकूड पुढे सारताना तोंड फिरवत होती. पण सारत होती.

"धुरानं पानी येतंय डोळ्याला," ती म्हणाली. "रडत नाय मी."

"बरं."

मोतीबाई खांबाला टेकून उभी होती. कधीपासून, कोण जाणे. हंड्यातून वाफ निघायला लागली तशी तिने घसा साफ केला. "सदू, ऊठ रं. पानी निवंल. आनि तू गं, लाकडं किती घालतीस? लगीन हाय का घरात?"

कळंबचं नाव तिने त्या दिवशी काढलं नाही, आणि नंतरही कधी नाही.

गवताच्या वासाने गौराला पुढेही कधीकधी खाली बसावं लागायचं, आणि होळीच्या रात्री ती आमच्या माजघरात दार लावून बसायची. पुण्याच्या खेपा अजून वर्षभर चालल्या. पण त्या सकाळी आंघोळी झाल्या, फराळ झाला, आणि एरवी सदू आणायचा ते रॉकेल आणायला गौरा स्वतः रिकामा डबा घेऊन रेशनच्या दुकानात गेली.