मिशा कापलेला कांदा

मुळं फुटावीत म्हणून पाण्याच्या ग्लासावर बसवलेला कांदा अस्मिताने सकाळी उचलला. खालची मुळं साफ!

"आई, कांद्याला काय केलंस?"

"मिशा केवढ्या वाढल्या होत्या! आत्ताच कापल्या," चांगुणाबाई कपबशा विसळत म्हणाल्या. "चारचौघांत न्यायचा ना? जरा नीटनेटका दिसू दे."

अस्मिता बरीच वर्षं तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवत होती, कधी उल्हासनगरला, कधी अंबरनाथला. आज बदलापूरच्या कॉलेजात कायम जागेसाठी पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय पेशीविभाजनाच्या अवस्था. चार अवस्थांची चार चित्रं ती डोळे मिटून काढायची. पण विभागणारी पेशी तिने स्वतः कधी पाहिली नव्हती. तिच्या शिकण्याच्या काळात मायक्रोस्कोपखालची काचपट्टी दरवेळी बिघडायची, मग वर्ग पुस्तकातलं चित्र उतरवायचा. आज तिला खरं दाखवायचं होतं. आणि पेशी विभागतात त्या नेमक्या मुळांच्या टोकांशी.

"टाकल्यास कुठे?"

"चहाच्या चोथ्यात."

अस्मिता कचऱ्याच्या डब्यापुढे उकिडवी बसली. चोथ्यातून एकेक पांढरं टोक वेचून तिने पेशींना आहे तिथेच थांबवणाऱ्या औषधाच्या बाटलीत टाकलं.

"बुवापाड्यात बोभाटा होईल, प्रोफेसरीणबाई कचरा उपसते म्हणून."

"आधी होऊ तर दे प्रोफेसर!"

रिक्षात ती बाटली पुन्हापुन्हा उजेडात धरून बघत होती.

प्रयोगशाळेत तिने टोक रंगवलं, काचेखाली अंगठ्याने दाबलं. मायक्रोस्कोपमध्ये चहाची भुकटी दिसली. दुसऱ्या टोकात नुसत्या स्वस्थ, न विभागणाऱ्या पेशी, विटांच्या भिंतीसारख्या. निवड समितीतले श्यामकांत सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "मॅडम, फळ्यावर काढा चित्र. चालेल."

तिने खडू उचलला. परत ठेवला.

"सर, अजून एक."

तिसऱ्या टोकात, एका पेशीत, गुणसूत्रांचे दोन झुबके दोन टोकांकडे ओढले जात होते. शेजारची अजून मध्यावस्थेतच, वरचीची तर सुरुवातही नाही. पुस्तकातली रांग इथे कुठेच नव्हती. ज्या क्षणी टोकं औषधात पडली, त्या क्षणी जी जिथे होती तिथेच थबकली होती.

"या सर. पट्टी मात्र हलवू नका."

सरांनी डोळा लावला, बराच वेळ काढला नाही. "पश्चावस्था! वा! आणि ही शेजारची..." बोलताबोलता त्यांनी पट्टी सरकवलीच. "अरे, गेली कुठे?"

"सांगितलं होतं ना हलवू नका! सरका जरा," अस्मिता म्हणाली, आणि मुलाखत विसरून त्यांना बाजूला सारत तिने पुन्हा डोळा लावला.