मागायची कार्डं

शाळा सुटली की आमच्याकडे कुणाचा मोजा, कुणाच्या डब्याचं झाकण मागे राहतंच. किस्सेही तसेच राहतात. न्यायला कुणी येत नाही, मग ते माझ्याकडे साठतात.

शाळा म्हणजे भाईंदर पूर्वेला, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मुलं स्पेशल. मी तिथली मावशी. पोरांना संडासला नेणं, तोंडं पुसणं, दार सांभाळणं हे माझं काम. माझी नात मनाली शिकून तिथेच टीचर झाली. शाळेत तीसुद्धा मला मावशीच म्हणते. नियम तिचाच.

*

पहिल्याच महिन्यात एका पोराने तिच्या हाताला कडकडून चावा घेतला. त्याच रविवारी तिला बघायला पाहुणे आले. मुलाची आई म्हणाली, "अशा मुलांत दिवसभर राहायचं... काही परिणाम होत असेल ना हो?"

मनालीने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि बाही वर केली. "होतो ना. हा बघा."

दात मोजता येत होते. पाहुण्यांनी पोहे अर्धे टाकले.

*

नंदा अथर्वला घेऊन आली तेव्हा तो सात वर्षांचा होता. एक शब्द बोलत नव्हता. नंदा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला जायची. डोक्याला स्कार्फ बांधलेला, आत केस नव्हते.

बाकीच्या आया सांगतात, बोलायला शिकवा, साध्या शाळेत घालायचंय. नंदा म्हणाली, "मॅडम, त्याला मागायला शिकवा. तहान लागली की मला कळतं. पण मी असेपर्यंतच."

मनाली नवीन होती. विचारून बसली, "किती दिवसांत व्हायला हवं?"

नंदा हसली. "डॉक्टरांना विचारून सांगते."

*

मग कार्डं सुरू झाली. पाण्याचं चित्र, बिस्किटाचं, झोक्याचं. पोराने कार्ड समोरच्याच्या हातात ठेवलं की ती वस्तू लगेच द्यायची. कार्ड नाही तर वस्तू नाही. मला अक्षर येत नाही, पण ही चित्रं मलाही वाचता यायची.

ऑक्टोबरचं ऊन होतं. अथर्व बाटलीकडे बघून रडतोय आणि मनाली ती धरून कार्डाची वाट बघत बसलीय. ती जरा उठली तशी मी त्याला बाटली दिली. घटाघटा प्यायला.

"मावशी, तुम्ही आज त्याचा पंधरा दिवसांचा अभ्यास पाण्यात घातलात."

घरी ही मला अगंतुगं करते.

"तहानलेलं लेकरू आहे गं."

"त्याची आई किती दिवसांची आहे, ते माहितीये ना तुम्हाला?"

त्या दिवशी तिने डबा उघडला नाही. बाथरूममधून आली तेव्हा ओढणी ओली होती.

*

दिवाळीच्या आधी त्याने आपणहून फळ्यावर चिकटवलेलं पाण्याचं कार्ड ओढून काढलं आणि मनालीच्या हातात ठेवलं. आम्ही नंदाला बोलावून घेतलं. त्याने तिलाही कार्ड दिलं, तिने पाणी दिलं. पुन्हा कार्ड, पुन्हा पाणी. सहा पेले झाले.

मनाली म्हणाली, "ताई, आता तहान नाहीये त्याला. खेळतोय."

"खेळू दे की," नंदा म्हणाली. "माझ्याशी पहिल्यांदाच बोलतोय."

चड्डी मी बदलली. तीनदा.

*

नंतर त्याला दुकानात मागायला शिकवायचं म्हणून केबिन रोडला नेलं. अथर्वने बिस्किटाचं कार्ड दुकानदाराच्या हातात ठेवलं. त्याने कार्ड उलटसुलट बघितलं, गल्ल्यातून दोन रुपये काढून दिले. "चलो, आगे जाओ."

मनालीचा चेहरा पडला. अथर्वने नाणं काउंटरवर ठेवलं आणि कार्ड पुन्हा दिलं. दुकानदाराने परत नाणं दिलं. याने परत ठेवलं.

चौथ्या वेळी दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "अम्मा, इसको चाहिए क्या?"

"बिस्किट. फोटो लगा है ना उसपर."

*

नंदा जानेवारीत गेली. आठवड्याने अथर्वचे पप्पा त्याला सोडायला आले. ते रिक्षा चालवतात. वर्गात कधी आले नव्हते, तेव्हाही दारातच उभे राहिले.

नंदाच्या फोटोचंही एक कार्ड होतं. ती घ्यायला यायची तेव्हा अथर्व ते मनालीला द्यायचा, मग मी दार उघडून नंदाला आत घ्यायची. ते फळ्यावरून काढायचं आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याने दप्तर ठेवलं, सरळ फळ्याकडे गेला आणि तेच कार्ड आणून मनालीच्या हातात दिलं.

त्याने तिची बोटं मिटली, वाट बघितली, पुन्हा उघडली. कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. माझ्याकडूनही काही मिळेना, तेव्हा दारात जाऊन पप्पांना दिलं.

पप्पांनी फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग कपाळाला लावला आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला.

"मला दिलास होय रे?" म्हणाले.

अथर्व त्यांच्यापुढे हात पसरून उभा होता.