चटईवरचा टेप

“बोला, बोला, सुई हलतेय!”

असं म्हणत भाऊजी हातातला टेप माणसाच्या तोंडासमोर धरायचे आणि समोरचा कितीही बडबड्या असला तरी मुका व्हायचा. टेपच्या कोपऱ्यात एक बारकी सुई होती. आवाज झाला की ती थरथरायची. भाऊजींचा सगळा जीव त्या सुईत. कोणी गप्प राहिलं की ते असे कासावीस व्हायचे, जसं काही पेशंटची नाडीच लागत नाही.

भाऊजी आमचे शेजारी. सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. नात्याने माझे कोणी नव्हेत, पण त्यांच्या बायकोला मी ताई म्हणायची, म्हणून ते भाऊजी. मी पालिकेच्या शाळेत शिकवायची. तेव्हा आमच्या कॉलनीत रेडिओ बऱ्याच घरांत होते, पण आवाज पकडून ठेवणारं यंत्र कोणाकडेच नव्हतं. भाऊजींनी ते देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणलं. जुनंच होतं. चामड्याची पिशवी, खांद्याला अडकवायला पट्टा, पोटात सेल.

त्या रविवारी हा माणूस कॉलनीभर ‘ट्रायल’ घेत हिंडला. स्टोव्हचा आवाज घेतला, शेळीचा घेतला, नळावरचं भांडण घेतलं. भांडण तर दोन्ही बाजूंना पुन्हा ऐकवलं आणि त्यावरून नवीन भांडण लागलं! माझाही आवाज मला न सांगता पकडला. ऐकून मी उडालेच.

“अगं बाई, हा माझा आवाज? एवढा चिरका?”

“बाई, शाळेतली पोरं रोज हेच ऐकतायत,” भाऊजी म्हणाले.

तुम्हाला वाटेल, हौशी गडी, घेतला असेल शौक म्हणून. नाही हो. टेप घेतला तो ताईसाठी.

ताईला गायन पार्टीचं भारी वेड. गायन पार्टी म्हणजे पेटी, ढोलकी, बेंजो आणि समोरासमोर दोन गायक. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाऊनच जवाब द्यायचा. भीमजयंतीच्या दिवसांत नाशिक रोडपासून कॅम्पापर्यंत जिथे म्हणून स्टेज बांधलं जायचं, तिथे बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत ताईची चटई पडलेलीच. गायक जवाब शोधत असायचा तोवर ताई खालून जवाब देऊन मोकळी. बायका हसून लोटपोट.

मग ताई नळावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अंथरूण काही सुटेना. लांबून कुठून लाउडस्पीकर ऐकू आला की म्हणायची, “खिडकी लावा हो.” आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. गुणगुणणंसुद्धा बंद झालं. भाऊजी एकदा माझ्या दारात येऊन म्हणाले, “बाई, हिचं गाणं गेलं ना, तर माझं घर मुकं होईल. मला भीती वाटते.” एवढा थट्टेखोर माणूस, पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना.

तर असा हा टेप. पहिल्या कार्यक्रमात त्यांनी तो ढोलकीच्या कुशीत ठेवला. घरी येऊन लावला तर नुसतं धबाक धबाक. दुसऱ्या वेळी लाउडस्पीकरच्या खांबाला बांधला, तर घुंऽऽ असा आवाज आणि मधूनच “हॅलो, हॅलो.” तिसऱ्या वेळी पेटीवाल्याला चहा पाजून त्याच्या शेजारी घोंगडीच्या घडीवर टेप ठेवला. एकदम स्वच्छ आलं! शब्द न् शब्द कळत होता. ताईने डोळे मिटून सगळं ऐकलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “रेडिओसारखं.” आणि वळली भिंतीकडे.

भाऊजींचा चेहरा पडला. मलाच राग आला. म्हटलं, “ताई, तो माणूस जिवाचं रान करतोय. तुला हवंय तरी काय?”

ताई म्हणाली, “गाणं सुरू व्हायच्या आधीचं कुठंय? ढोलकी ठोकून ठोकून चढवतात ते कुठंय? बायका जागेवरून भांडतात ते? माझ्या जागी कोण बसलं होतं?”

भाऊजी उभ्या उभ्या ऐकत होते. टुणकन आत गेले आणि ताईची चटई काखेत मारून बाहेर आले.

पुढचा कार्यक्रम कॅम्पाकडे होता. भाऊजी सरळ बायकांच्या बाजूला घुसले. काय कालवा झाला म्हणता! “ओ भाऊ, डोळे फुटले का? बाप्ये तिकडं बसत्यात!” त्यांनी पहिल्या रांगेत चटई अंथरली, मधोमध टेप ठेवला, लाल बटण दाबलं आणि हात जोडून म्हणाले, “ही ताईची जागा. तिच्याशी बोला.” आणि पळाले. राखणीला मी.

मग काय विचारता! एकेक बाई वाकून टेपला जयभीम घालू लागली. “ताई, लय आठवण येती गं तुझी.” “ताई, ह्या गायकाला मिशा हाय, पण आवाज नाय!” कोणाची सून रुसली, कोणाचं लुगडं नवं, सगळं सांगून झालं. कॅसेट उलटी केली, तीही भरत आली. गाणी मधूनमधून. आणि शेवटचा सवाल रंगात आला, गायकाने तान मारून विचारलं, “सांग रे गड्या, आईच्या आधी घरात उठतं कोण?” आणि खट्! कॅसेट संपली. जवाब गेलाच.

भाऊजींनी कपाळावर हात मारला. “चुगल्यांनी खाल्ली सगळी कॅसेट! आता घरी काय तोंड दाखवू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भीत भीत टेप लावला. ताई पहिल्या वाक्यालाच हसली. मग खुबा धरून हसायला लागली. “अगं, ही तर पेठची मावशी! अजून तशीच बोलते!” हसता हसता डोळ्यांतून पाणी. आणि आला तो सवाल. आईच्या आधी घरात उठतं कोण? खट्.

भाऊजींनी मान खाली घातली. तेवढ्यात ताई गायला लागली. आवाज बसलेला, पण सूर पक्का.

“आईच्या आधी उठते गड्या, आईचीच काळजी!”

मी टाळ्या पिटल्या. ताई उशीवर हात टेकून अर्धी उठून बसली आणि दरडावून म्हणाली, “पुढच्या कार्यक्रमाला मी येणार. कशी ते तुमचं तुम्ही बघा.”

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते त्या पुढच्या कार्यक्रमातले. कारखान्यातल्या दोस्ताचा टेम्पो, टेम्पोत बाज, बाजेवर नवी साडी नेसलेली ताई. टेम्पो पार स्टेजपर्यंत आला. कोणीतरी विचारलं, “भाऊ, आज टेप नाय आणला?” त्यांना ऐकूच गेलं नाही. ते टेम्पोच्या पुढे चालत होते, दोन्ही हातांनी गर्दी सारत होते, “रस्ता सोडा, रस्ता सोडा” म्हणून ओरडत होते आणि ढसाढसा रडत होते.