धडधाकट माणसाचं रक्त

मी चौथी पास. माझं रक्त मात्र पीएचडीपर्यंत गेलं. ही सोयरीक बायकोनं जुळवली.

तिला रक्ताचा कॅन्सर होता. दर तीन महिन्यांनी आम्ही दवाखान्यात तपासणीला जायचो. तिथं एकदा पांढऱ्या कोटातली एक पोरगी फॉर्म घेऊन आली. म्हणाली, मावशी, तुमचं थोडं रक्त माझ्या पीएचडीच्या संशोधनाला द्याल का? बोलता बोलता पोरगी निघाली सोयगावची. बायकोचं माहेर त्याच बाजूचं. मग काय, मला विचारायचंही कारण उरलं नाही. तिनं सही ठोकली आणि माझ्याकडं बोट केलं.

"यांचंबी घे."

"काकांचं कशाला, मावशी?"

"आत्ताच म्हणालीस ना, ताडून बघायला धडधाकट माणसाचं लागतं म्हणून? चाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंय. यांना काय झालंय? जीभ तेवढी नासकी हाय, ती घेऊ नको."

पोरगी हसली आणि दुसरा फॉर्म काढला. अशी माझी नेमणूक झाली.

पुढं बायको गेली. सुरुवातीला तिला गोळी छान लागू पडली होती, नंतर तिच्या पेशी त्या गोळीला जुमानेनाशा झाल्या. त्या का जुमानत नाहीत, हेच ती पोरगी शोधत होती. बायकोचं रक्त तिच्याकडं अजून होतं, गारठवून ठेवलेलं. माझं ताजं लागायचं. म्हणून ठरल्या तारखेला मी वाळूजहून बस धरून लॅबमध्ये जायचो. मुलगा पुण्यात, सून पुण्यात, घरात मी आणि पंखा. कुणीतरी माझी वाट बघतंय, मग ती सुई घेऊन का असेना, मला चालत होतं.

लॅबमध्ये कुणाला नाव नाही. नळ्यांवर नुसते नंबर. बायकोचा आणि माझा नंबर लागोपाठचा होता. पोरीनं एकदा फ्रीज उघडून दाखवलं. आतून धूर आल्यासारखी वाफ आली. म्हटलं, "हिला थंडी सोसत नव्हती. पंखा दोनवर केला की भांडायची."

"काका, इथं भांडत नाहीत त्या."

"तू नळी उघडून बघ एकदा."

आजार काय असतो तेही तिनंच समजावलं. पेशीच्या अंगावर घंट्या असतात म्हणे. बाहेरून कुणी घंटा वाजवली की आत निरोप जातो. एकजण दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटचा आतल्या साहेबाला सांगतो की आता वाढ, आता थांब. मावशींच्या पेशीत मधलंच एक बटण अडकलं होतं. घंटा कुणी वाजवत नव्हतं, तरी "वाढ, वाढ" असा निरोप चालूच.

मला लगेच कळलं. मी तीस वर्षं वाळूजला प्रेस मशीन चालवली. पायडलवरचा पाय काढला तरी मशीन ठोकतच राहते, असं दोनदा बघितलंय. एकदा शेजारच्याचं बोट गेलं. मी म्हटलं, "मग ती गोळी म्हणजे अडकलेल्या बटणात पाचर मारायची."

पोरीनं वहीत लिहून घेतलं. मॅडमना सांगते म्हणाली. मी दोन दिवस ताठ चालत होतो.

आता, तिथं कुणाला सांगितली नव्हती ती गोष्ट सांगतो.

बायको गेली तेव्हा तिच्या गोळ्या उरल्या होत्या. पत्र्याच्या डबीत ठेवायची ती. डबी मूळची तिच्या बडीशेपेची. ती होती तेव्हा एरवी स्वतःच घ्यायची, पण तपासणीच्या दिवशी सकाळी मी पाण्याचा तांब्या आणि एक गोळी तिच्यापुढं ठेवायचो. ती तोंड वाकडं करायची, म्हणायची, तुम्हीच घ्या एकदा, मग कळंल. ती गेल्यावर लॅबची पहिली तारीख आली. सकाळी उठलो, तांब्या भरला, डबी उघडली, गोळी काढली, आणि पुढं कुणीच नाही. आता गोळी परत टाकायची कशी? वाया गेलेलं तिला खपत नव्हतं. शिळ्या भाकरीचा तुकडाही ती मोडून मला चारायची. घेतली गोळी. तिच्यासारखंच तोंड वाकडं झालं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग प्रत्येक तारखेला हाच नेम, आणि निघताना डबी खिशात.

लॅबमध्ये पोरगी रक्त काढण्याआधी यादी वाचायची. ताप? नाही. सर्दी? नाही. काही औषध?

"मला काय धाड भरलीय औषध घ्यायला?"

ती "नाही" लिहायची. माझ्या हिशेबानं ते खरंच होतं. औषध आजारी माणूस घेतो. मी कुठं आजारी होतो?

चौथ्या खेपेला गेलो तर लॅबच्या बाहेरच आवाज ऐकू आला. आत मॅडम बोलत होत्या, म्हणजे तिथल्या मुख्य.

"बाकी सगळ्या निरोगी लोकांच्या पेशींना आपण डिवचलं की त्या उत्तर देतात. हा एकच नंबर दर वेळी झोपलेला. निरोगी माणसाच्या पेशी अशा वागतात का? तू नळ्या बदलल्या आहेस. गोळी चालू असलेल्या पेशंटची नळी इथं लागली आहे."

"मॅडम, मी दर वेळी नंबर दोनदा बघते."

"मग सांग, हे काय आहे? एक नळी चुकली असेल तर बाकीच्यांवर मी विश्वास कसा ठेवू? वर्षभराचं सगळं काम बाद करावं लागेल."

मॅडम तणतणत बाहेर आल्या, मला नमस्कार केला आणि गेल्या. आत गेलो. पोरगी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत बसली होती. पडद्यावर ठिपक्यांचे ढग. बाकीचे ढग उजवीकडं सरकलेले, एक जागचा हललेला नाही. त्याच्या खाली माझा नंबर.

"हा मी का?"

"हो काका." तिचे डोळे लाल होते. "बसा. बाही वर करा."

मी बाही वर केली नाही. सकाळची गोळी पोटातच होती. माझ्या डोक्यात प्रेस सुरू झाली. सांगितलं तर डबी जाणार आणि तारीखही जाणार. गप्प बसलो तर ही पोरगी जाणार. बायको असती तर तिनं एवढा विचारही करू दिला नसता, पाठीत धपाटा घातला असता.

"पोरी, नळी बदलली नाहीस तू. माणूसच खोटा हाय."

"म्हणजे?"

मी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. तिनं झाकण उघडलं, गोळ्यांची पट्टी उलटीपालटी केली, नाव वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत पट्टीकडं.

"काका! तुम्ही मावशींच्या गोळ्या खाल्ल्या?"

"रोज नाय. फक्त हितं यायच्या दिवशी."

"लई शहाणे! जिवाला काही झालं असतं म्हणजे? मी विचारलं नव्हतं का, औषध म्हणून?"

"तू माझं औषध विचारलंस. हे तिचं होतं."

ती उठली, दोन पावलं गेली, परत आली. रागावलेली होती, पण चेहरा उजळायलाही लागला होता. ही गोळी धडधाकट पेशींनाही काही तास गप्प बसवते, असं ती भराभर सांगत सुटली. म्हणजे यंत्र बरोबर, नळ्या बरोबर, ती बरोबर. चुकीचा मी एकटाच. तिनं मॅडमना बोलावून आणलं. मॅडमनी डबी बघितली, माझ्या चारही खेपांच्या तारखा बघितल्या, कपाळाला हात लावला आणि आधी तिला "सॉरी" म्हणाल्या. मग मला झापलं. शुद्ध मराठीत झापून घ्यायची माझी पहिलीच वेळ. घरी कसं, निदान मधे मधे शिवी असायची.

"तुमचा नंबर आता निरोगी लोकांतून काढावा लागेल," मॅडम म्हणाल्या.

"आणि तिचा?"

"त्यांचा राहील."

"मग चालंल. ती म्हणतच व्हती, या माणसात काहीतरी बिघाड हाय."

पोरगी तोंडावर हात ठेवून हसली. मॅडमनाही आवरलं नाही. हसणं थांबल्यावर त्यांनी मला समोरच्या डॉक्टरकडं तपासायला धाडलं. पोरीनं गोळ्या काढून एका पिशवीत घालून बंद केल्या. सात होत्या. रिकामी डबी हातात धरून थांबली.

"ही?"

"ती दे. ती औषध नाय."

तीन महिने एकही गोळी घेतली नाही तर एकदा तुमचं रक्त परत बघू, असं मॅडमनी कबूल केलं. त्या तारखेला सकाळी तांब्या भरला आणि समोर नुसता ठेवला. मग पाणी मीच प्यालो.

लॅबमध्ये पोरीनं यादी वाचायला घेतली. ताप? नाही. सर्दी? नाही. मग पेन खाली ठेवून माझ्या खिशाकडं बघितलं.

"औषध? तुमचं, मावशींचं, शेजाऱ्याचं, कुणाचंही?"

"नाही."

"मग खिशात काय वाजतंय?"

मी डबी काढून दिली. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकली.

"बडीशेप," ती म्हणाली, आणि सुई काढली.

संध्याकाळी तिचा फोन आला. ढग सरकला होता म्हणे. उजवीकडं.