शिवेबाहेरची उन्हाळी

भूत, भानामती, देवाचा कोप — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. आमच्या घराण्यात पहिला बी.एस्सी. मी; पिंपरीच्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. संपादक म्हणाले, विषय नाजूक आहे, टोपणनाव घ्या... लाज वाटावी असं मी काही केलेलं नाही, मग टोपणनाव कशाला?

साल छप्पन्न. शांताशी लग्न नुकतंच झालेलं. बिऱ्हाड कासारवाडीत, सासुरवाडी चाकणच्या पुढे. त्या गावची रीत अशी, की नव्या जावयाने पहिल्यांदा येताना शिवेवरच्या म्हसोबाला नारळ फोडूनच आत यायचं. मी नाही फोडला. सरळ पुढे गेलो.

घरी परतलो आणि उन्हाळी लागली. लघवीला आग, आणि एरवीही तिथे निखारा ठेवल्यासारखी जळजळ. धने-जिऱ्याचं पाणी झालं, वाळा झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, बाहेर कुठे गेला होतात का? नाही म्हटलं. रक्त तपासलं, लघवी तपासली. गरमी नाही, परमा नाही; बाहेरून आणावा असा कुठलाच रोग नाही. पुन्हा तपासलं, पुन्हा नाही. तरी पेनिसिलिन टोचलं. आग तशीच.

बातमी चाकणपलीकडे पोचलीच. शिकलेला जावई पुण्याहून रोग घेऊन आला, असं पारावर ठरलं. सासऱ्यांनी शांताला माहेरी नेलं, ते परत धाडेनात.

मी रिपोर्ट घेऊन गेलो. आणि इथेच ती गोष्ट घडली — शीव ओलांडली नि आग थांबली. दिवा मालवावा तशी. परतताना शिवेबाहेर पाऊल टाकलं, की सुरू. पुढच्या खेपेलाही तेच. मग मुद्दाम आत-बाहेर करून पाहिलं. शेतातली माणसं काम सोडून बघत होती. तेच!

सासरे खूश. "जावईबापू, देवाचंच हाय हे. एक नारळ फोडा, गावाचं तोंड बंद. न्हाईतर ऱ्हावा की हितंच, आग लागायचीच न्हाई."

म्हणजे नारळ फोडून गुन्हा कबूल करा, नाहीतर घरजावई व्हा! मी म्हटलं, "मामा, माझं रक्त दोनदा स्वच्छ निघालंय. ते तुम्हाला पुरत नसेल, तर नारळ कसा पुरेल?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत शांता गाठोडं घेऊन बाहेर आली. आजवर वडिलांपुढे ती कधी बोलली नव्हती.

"बाबा, ह्यांनी आता नारळ फोडला, तर जन्मभर माझ्या मनात ऱ्हाईल — कायतरी लपवायचं हुतं म्हणून."

सासरे वाटेतून बाजूला झाले. आम्ही निघालो. शिवेवर तिने दगडाकडे पाहिलंही नाही. मी दोन पावलं पुढे जाऊन थांबलो.

"लागली आग?"

"लागली."

"चला मग. यष्टी चुकंल."

आग पुढे कमी झाली, पण पुरती गेली नाही. अजून अधूनमधून लागते. ती का लागते, हे एकाही डॉक्टरला सांगता आलं नाही. शिवेच्या आत का थांबायची, हे मलाही नाही. वाचकांपैकी कुणाला कारण ठाऊक असेल, तर जरूर लिहा. उपाय सुचवू नका.